कालनिर्णय घेऊन डॉक्टरांकडे जा

पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझी सून ३१ वर्षांची, शाळेत गणित शिकवते. ४ वर्षांत तिला पोटदुखीसाठी ६ वेळा भरती करावं लागलं. दुखतं म्हणजे असं की अंथरुणात गडबडा लोळते. उलट्या होतात, पोट साफ होत नाही, रात्र रात्र झोप नाही. सोनोग्राफी, सीटी, दुर्बीण, सगळं नॉर्मल. पहिल्यांदा झालं ते गौरी विसर्जनानंतर दोन दिवसांनी. त्या वर्षी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. दुसऱ्या वेळेस अपेंडिक्स काढलं, ५ महिन्यांनी पुन्हा तेच. एका वैद्यांच्या पुड्या २ वर्षं चालू आहेत. गेल्या नवरात्रात ९ दिवसांचे उपवास झाले, दसऱ्याला पोट धरून बसली, तिसऱ्या दिवशी फिट आली. सोडियम ११८ निघालं. तेव्हापासून फिटच्या गोळ्याही आहेत, पण हातपाय गळाल्यासारखे वाटतात म्हणते. डॉक्टर सांगतात, "माताजी, बॉडी में कुछ नहीं है, टेंशन है." मोठी सून म्हणते, सणवार आले की हिचं पोट बरं दुखतं. शेजारच्या वहिनी दृष्ट काढा म्हणतात. मुलाचं म्हणणं, रक्तावरून सगळ्या जीन्सची तपासणी होते, ३५ हजार लागतात, ती करू आणि मुंबईला जाऊ. काय करावं?

ता. क. एकदा लघवीचा नमुना शनिवारी घेतला, रविवारी लॅब बंद, बाटली खिडकीत राहिली. सोमवारी पाहिलं तर कोकम सरबतासारखी लाल. लॅबवाल्याने शिळा नमुना म्हणून फेकून दिला. यात काही अर्थ आहे का?

— एक सासू, रामबाग

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. माझ्या अनुभवात हे नेहमीच होतं. पेशंट अर्धा तास बोलतो, उठतो, आणि दाराशी जाऊन म्हणतो, "आणि हो, एक विचारायचं राहिलं..." खरं दुखणं त्या दाराशी असतं. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

ती बाटली फेकायला नको होती. ताजी लघवी नेहमीच्या रंगाची आणि उजेडात ठेवल्यावर तासातासाने गडद, लालसर होत जाणारी, असं दिसलं की जुन्या फिजिशियनच्या डोक्यात एक नाव येतं: पोर्फिरिया. त्यातला मोठ्या माणसांना पोटदुखीचे झटके देणारा जो प्रकार जास्त आढळतो, त्याला ॲक्यूट इंटरमिटंट पोर्फिरिया म्हणतात. मी इथे बसून तुमच्या सुनेला तो आहे असं म्हणत नाही. बीट खाल्लं तरी लघवी लाल होते, टीबीच्या औषधाने केशरी होते, रक्त उतरलं तर होतेच. पण पोटदुखी, बद्धकोष्ठ, जागरण, फिट, घसरलेलं सोडियम, हातापायांतली ताकद जाणं आणि ही बाटली, एवढ्या गोष्टी एका माणसात जमल्या असताना कोणी अजून ही तपासणी केली नसेल, तर ती व्हायला हवी. तुमच्या पत्रात तरी तिचा उल्लेख नाही.

हा आजार काय आहे ते पोळ्यांच्या भाषेत सांगते. रक्ताला लाल करणारं हीम नावाचं द्रव्य शरीरात आठ पायऱ्यांनी बनतं. समजा पंगतीसाठी पोळ्या करायला आठ बायका ओळीने बसल्यात. पहिली कणीक पुढे देते आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरवते. या आजारात तिसऱ्या बाईचा हात जन्मापासून निम्म्या वेगाने चालतो. घरचीच चार माणसं जेवायला असली तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही, सगळं भागतं. पण पहिलीला घाई सुटली आणि ती भराभर कणीक पुढे ढकलायला लागली, की तिसरीपुढे ढीग साचतो. साचलेली ती अर्धवट द्रव्यं नसांना बाधतात. पोटाच्या नसा भडकल्या की पोट दुखतं, आणि हात लावून पाहावं तर पोट मऊच लागतं. म्हणूनच डॉक्टर पोट दाबून बघतात, त्यांना काही सापडत नाही आणि पेशंट नाटकी ठरतो. हातापायांच्या नसांवर आलं की ताकद जाते. मेंदूपर्यंत गेलं की झोप उडते, माणूस घाबरतो, कधी भलतंसलतं बोलतो. तुमच्या बाटलीतला रंगही त्याच ढिगातला असू शकतो: त्यातलं पोर्फोबिलिनोजेन मुळात रंगहीन असतं, उजेड आणि हवा लागली की ते लालसर तपकिरी होतं.

आता पहिलीला घाई कशाने सुटते ते बघा. उपाशी राहिल्याने. पाळीच्या आधीच्या दिवसांत. काही औषधांनी, आणि त्या औषधांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांतलं हार्मोन येतं. आता पुन्हा तुमच्या मोठ्या सूनबाईंचं वाक्य वाचा: सणवार आले की हिचं पोट दुखतं. बोलल्या टोमण्याने, पण ओळ पेशंटच्या केसपेपरवर लिहून ठेवण्याच्या लायकीची आहे. हरतालिकेला निर्जळी, पाठोपाठ गौरी, त्यासाठी गोळ्या, मग विसर्जन आणि दोन दिवसांनी दवाखाना. नवरात्राचे नऊ दिवस आणि दसऱ्याला पुन्हा दवाखाना. ज्या बाईच्या शरीरात हा दोष असेल तिच्यासाठी आपलं श्रावण ते आश्विन हे पंचांग म्हणजे एकामागून एक खड्डेच. "एकादशी अन् दुप्पट खाशी" म्हणून आपण ज्यांना हसतो त्या साबुदाण्याची थाळी रिकामी करणाऱ्या बायका यातून सुटतात. निष्ठेने पाण्याचा थेंब न घेणारी अडकते.

(गोळ्या तुम्हीच आणून दिल्या असतील तर मनाला लावून घेऊ नका. माझ्याकडेही दर भाद्रपदात बायका ती चिठ्ठी मागायला यायच्या आणि मी लिहून द्यायची.)

तर पहिलं काम. मुंबईचं तिकीट नंतर, आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. मागच्या वर्षांची रद्दीत गेली नसतील तर तीही काढा. आपल्या घरांत त्यावर दुधाचा खाडा, गॅस, पाळीच्या खुणा, उपवास, पाहुणे सगळं असतं. सहाही भरतींच्या तारखा डिस्चार्ज कार्डांवरून घ्या. प्रत्येक तारखेच्या मागचे पंधरा दिवस पाहा: उपवास होता का, पाळी कधी होती, कुठली नवी गोळी, कुठलं इंजेक्शन, ताप, जागरण. फाइल जाडजूड करू नका. सहा झटके, सहा ओळी, एक पान. प्रत्येक ओळीत त्या वेळचं सोडियम, नाडीचा वेग, बीपी. झटक्यात नाडी जोरात धावत असेल तर तेही या आजारात नेहमी दिसतं, आणि ते प्रत्येक कार्डावर नर्सने लिहिलेलं असतं. फक्त सहा कार्डं शेजारी ठेवून कोणी वाचलेली नसतात.

दुर्मिळ आजार निसटतात ते बहुधा असेच. अपेंडिक्स सर्जनने पाहिलं, दुर्बीण पोटाच्या डॉक्टरांनी घातली, फिट न्यूरोवाल्यांनी, मन मानसोपचारवाल्यांनी. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट तपासला आणि नॉर्मल म्हटलं. कोणी चुकलं असं मी म्हणणार नाही. पण सहा वेळांचं मिळून एक चित्र कोणी मांडलं नाही, आणि त्यातल्या किती तपासण्या झटका ओसरल्यावर झाल्या हे पाहायचं राहिलं. वळवाचा पाऊस येऊन गेल्यावर दुपारी अंगण कोरडं दिसतं, म्हणून पाऊस पडलाच नाही असं कसं म्हणायचं?

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून अधिकाराने बोलते. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मास्तर माझ्याकडे दीड वर्ष येत होते. थकवा, वजन उतरलेलं, उठलं की चक्कर. मी रक्त तपासलं, टॉनिक लिहिलं, मग झोपेची गोळी लिहिली, मग मनातल्या मनात त्यांना "तक्रारखोर" हे नाव दिलं. एकदा त्यांची बायको हसत म्हणाली, "डॉक्टर, हे हल्ली जेवताना लोणच्याचा खारच पितात." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढे एका इंटर्न मुलीने त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मॅडम, यांच्या तळहाताच्या रेषा इतक्या काळ्या का?" हिरड्याही काळवंडलेल्या होत्या. ॲडिसनचा आजार, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी बंद पडलेल्या, आपल्याकडे बऱ्याचदा जुन्या टीबीमुळे. खारटाची ती ओढही त्यातलीच. १८५५ साली थॉमस ॲडिसनने तो वर्णन केला तो मुख्यतः डोळ्यांनी पाहूनच. आणि तपासणी? त्या ग्रंथींतून येणारं कॉर्टिसोल हे हार्मोन, सकाळी आठच्या सुमारास मोजलेलं. मी एकदा ते केलंही होतं, पण संध्याकाळी, जेव्हा ते सगळ्यांचंच कमी असतं, आणि त्या कागदाचा अर्थच लागला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मास्तरांना गोळ्या सुरू झाल्या आणि महिनाभरात ते सायकलवरून आले. त्यांच्या बायकोच्या डोळ्याला डोळा द्यायला मला त्या दिवशी जड गेलं.

तुमच्या सुनेच्या बाबतीतही सगळं वेळेवर अवलंबून आहे. तपासणीचं नाव आहे युरिन पोर्फोबिलिनोजेन, डॉक्टर मंडळी पीबीजी म्हणतात. चोवीस तासांची लघवी साठवत बसायची गरज नाही, एकाच वेळची पुरते, सोबत क्रिएटिनिन मोजायला सांगा. घ्यायची ती झटका चालू असताना. झटका नुकताच गेला असेल तरीही पाठवा, काही जणांत ते पुढे आठवडे न् महिने वाढलेलं राहतं. पण बऱ्याच दिवसांनी केलेली तपासणी नॉर्मल आली तर तेवढ्यावर आजार नाही असं म्हणू नका. बाटली लगेच स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये गुंडाळा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी लॅबमध्ये द्या. नमुना बाहेरगावी जाईल, रिपोर्टला दिवस लागतील. लॅबवाला "टोटल पोर्फिरिन करून देतो" म्हणाला तर नको म्हणा, किंवा दोन्ही करा. नुसतं पोर्फिरिन इतर कितीतरी कारणांनी थोडं वाढतं आणि उगाच घोळ होतो.

आमच्या वेळी कॉलेजच्या बायोकेमिस्ट्रीत एहर्लिखचं रसायन घालून लघवी गुलाबी-लाल होते का ते पाहायचो. काचेची नळी, चार थेंब, दोन मिनिटं. ते आता फारसं कोणी करत नाही, आणि नक्की निदानाला ते पुरतही नाही. पण एखाद्या मेडिकल कॉलेजात जुने प्राध्यापक असतील तर झटक्याच्या दिवशी विचारून पाहायला हरकत नाही.

वैद्यांच्या पुड्यांबद्दल. त्या आजच्या आज थांबवा आणि कागदासकट जपून ठेवा, फेकू नका. काही भस्मांत शिसं असतं, आणि शिशाची बाधा हुबेहूब असंच दुखणं देते: पोटात कळा, बद्धकोष्ठ, हात लुळे. कारण शिसं त्याच आठ बायकांच्या ओळीत दुसरीचा हात धरतं. रक्तातलं शिसं मोजणं ही साधी तपासणी आहे, ती झटक्याशिवायही करता येते. उद्याच करा. मी पोर्फिरियाच्या मागे लागले आहे खरी, पण शिसं निघालं तर मला आनंदच होईल, ते काढता येतं. हळदही सुटी, फार पिवळीधमक घेत असाल तर बदला, तिच्या रंगातही शिसं असू शकतं.

पोटदुखी पाळीभोवती फिरते तेव्हा एंडोमेट्रिओसिसही (गर्भाशयाच्या आतल्यासारखं अस्तर बाहेर वाढणं) डोक्यात ठेवावा लागतो, तो पोर्फिरियापेक्षा कितीतरी जास्त बायकांत असतो आणि सोनोग्राफीत दरवेळी दिसत नाही. आतड्याचा टीबीही आहे. ओठ-पापण्या अचानक सुजतात का तेही सुनेला विचारा. तसं असेल तर आनुवंशिक सुजेचा एक वेगळा आजार असतो, त्यासाठी रक्तातलं सी-४ नावाचं प्रथिन तपासतात. पण फिट आणि ११८ सोडियम या कोणत्याच खात्यात नीट बसत नाहीत, म्हणून माझं मन पहिल्या जागीच राहतं.

फिटच्या गोळ्यांबद्दल घाई करू नका, पण उशीरही करू नका. तुम्ही नाव लिहिलेलं नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट ही नेहमीची औषधं पोर्फिरियात दुखणं वाढवू शकतात, लेव्हेटिरासिटम चालतं. स्वतःहून गोळी बंद केलीत तर पुन्हा फिट येऊ शकते. म्हणून या आठवड्यातच न्यूरोच्या डॉक्टरांना ते एक पान दाखवा आणि संशय सांगा, बदलायची तर ते बदलतील. शंका मिटेपर्यंत कोणतंही नवं औषध, सल्फाचं असो की हार्मोनचं, विचारल्याशिवाय नको. पोर्फिरियात कुठलं औषध चालतं, कुठलं नाही याच्या याद्या तयार आहेत, डॉक्टरांना त्या मिनिटात सापडतात. औषधाने हा आजार उठतो हे कळून तर शतक उलटलं: १८८९ मध्ये स्टॉकविस या डच डॉक्टरांनी झोपेच्या औषधानंतर गडद लाल लघवी होऊन दगावलेल्या एका बाईची हकीकत लिहून ठेवली होती.

सुनेचे हातपाय गळतात असं तुम्ही लिहिलंत, त्याने मला काळजी वाटली. बसल्याजागेवरून उठता येईना, हात डोक्यापर्यंत जाईना, आवाज बदलला, गिळताना ठसका लागला किंवा श्वास कमी पडायला लागला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता असलं तरी आयसीयू असलेल्या दवाखान्यात न्या. ही कमजोरी श्वासापर्यंत जाऊ शकते.

आता डॉक्टर कोण? सहा स्पेशालिस्ट झाले, सातवा नको. एक चांगला फिजिशियन धरा, जो सूत्र हातात ठेवेल. इंदूरमध्ये तो मिळतो. एम. वाय. या सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन ओपीडीतही मिळतो, फक्त सकाळी लवकर जा. त्यांच्यापुढे "गूगलवर वाचलं" असं बोलू नका, मी डॉक्टर असून सांगते, आमचे कान तिथेच बंद होतात. एक पान पुढे करा आणि मुलाला सांगू द्या, "सर, ये सब दौरे उपवास या पीरियड के आसपास हैं, सोडियम गिरा था, यूरिन धूप में लाल हुई थी. अगली बार दर्द में पीबीजी भेज सकते हैं?" बहुतेक डॉक्टर या वाक्यावर खुर्चीत सरळ बसतील. न बसले तर दुसरे पाहा.

जीन्सच्या तपासणीचे ३५ हजार सध्या बँकेत राहू द्या. आधी लघवी, मग जीन. सगळ्या जीन्सची जाळी टाकली की त्यात "अर्थ निश्चित नाही" अशा दहा ओळी अडकून येतात, आणि घरात नवीन दहा भीती. पीबीजी वाढलेलं निघालं तर मग फक्त त्या तिसऱ्या पायरीची जीन पाहायची, एचएमबीएस. ती तपासणी सुनेपेक्षा तिच्या माहेरच्यांच्या आणि मुलांच्या जास्त उपयोगाची. हा दोष आईबापांपैकी एकाकडून येतो, प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. पण दोष असलेल्या बहुतेकांना आयुष्यात एकही झटका येत नाही. युरोपातल्या मोजणीत झटके येणारे रुग्ण दहा लाखांत पाच-सहाच आहेत. माहेरी कोणा आत्याचं, मावशीचं असंच पोट दुखायचं का, कोणी "अंगात येतं" म्हणून बसवली होती का, हे मात्र विहीणबाईंना फोन करून आजच विचारा. प्रेमाने विचारा, खोट शोधतोय असं वाटू देऊ नका.

मुंबई कधी? पीबीजी वाढलं, की. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सरकारने काही केंद्रं ठरवली, त्यात मुंबईचं केईएम आणि दिल्लीचं एम्स आहे. धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, तिथेच चौकशी करा. झटक्यावरचं खास औषध, हिमिन, शिरेतून देतात. ते महाग असतं आणि पटकन मिळत नाही, म्हणून निदान पक्कं झाल्यावर ते कुठून आणायचं याची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागते. तोवर दवाखान्यात ग्लुकोजची भरपूर सलाईन देतात, ती पहिलीच्या हाताचा वेग कमी करते. सोडियम कमी असताना ती किती आणि कशी द्यायची हे मात्र डॉक्टरांनी रक्त पाहत ठरवायचं. मुंबईच्या अवंतिका गाडीचं तिकीट काढाल तेव्हा ते एक पान आणि रिपोर्ट हाताशी ठेवा, बाकी गठ्ठा बॅगेत.

टेंशनचं म्हणाल तर चार वर्षं असं दुखल्यावर कोणाला नसेल? आणि उद्या खरोखर मनाचंच दुखणं निघालं तरी ते नाटक नसतं, एवढं मोठ्या सूनबाईंना माझ्या नावाने सांगा. दृष्ट काढायची असेल तर काढा, मीठ-मोहरीने पोट बिघडत नाही.

उपवास मात्र सगळे बंद. एका वेळचं जेवणही चुकवायचं नाही, शाळेत डबा रोज. येत्या हरतालिकेला सकाळी आठच्या आत सुनेपुढे पोह्यांची बशी ठेवा, बरोबर दोन जिलब्या. पाप लागलं तर माझ्या नावावर.